तांबडीला वाट दिसू नये म्हणून

गाडीत कुत्रं कुठं बसवायचं, हे मला आता कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. मागच्या सीटवर, खाली जुनी गोधडी, पट्टा छातीभोवती, गळ्याला नाही, आणि पट्ट्याची दोरी इतकीच की त्याला बसता-झोपता यावं पण पुढं उडी मारता येऊ नये. काच चार बोटं खाली. निघायच्या आधी तीन-चार तास पोटात अन्न नको, पाणी मात्र द्यायचं. तासा-दीड तासानं सावली बघून थांबायचं. माझा मुलगा विजय इथं म्हैसूरला हाच धंदा करतो. कुणाची बदली झाली, घर हललं, की त्यांची कुत्री गाडीनं नव्या गावी पोचवतो. तो चालवतो आणि मी मागं कुत्र्याशेजारी बसते. सातवीनंतर शाळा सुटलेल्या बाईला परमुलखात, या वयात, कुणाच्या तरी उपयोगी पडता येतं, याबद्दल मी रोज सकाळी हात जोडते. लोकांना वाटतं, या मावशींना कुत्र्यांची भारी हौस. हौस नाही. मला भीती वाटते. कुत्रं धापा टाकायला लागलं तरी भीती वाटते आणि धापा थांबल्या की जास्त वाटते.

शाळा सुटली त्या वर्षी मी परळीला मावशीकडं होते. आमचं गाव पाटोद्याच्या अलीकडं, माळावरचं. दसरा झाला की माय आणि अण्णा ऊस तोडायला जायचे आणि त्यांच्यामागं मीही. अर्धं वर्ष शाळा, अर्धं वर्ष फड. सातवीनंतर शाळेनंही माझी वाट बघणं सोडलं आणि मीही तिची. मावशी म्हणजे मायची धाकटी बहीण लीला. तिला मूलबाळ नव्हतं. ती परळीत ब्लाउज शिवायची. एका उन्हाळ्यात ती आमच्याकडं आली, माझ्या हाताचे घट्टे बघितले आणि मायला म्हणाली की पोरीला माझ्याकडं दे, कोयता धरून हिचं काय व्हायचं.  तिसऱ्या दिवशी मायनं माझं गाठोडं बांधलं. जीपमध्ये मावशीनं माझं डोकं आपल्या मांडीवर दाबून धरलं होतं, वरून पदर टाकला होता. बाहेर बघू नगंस, वकारी येती, म्हणाली. त्यामुळं परळीपर्यंतचा रस्ता मी पाहिलाच नाही. पदराला करडीच्या तेलाचा वास होता, तेवढं आठवतं.

घर दोन खोल्यांचं, वर पत्रे. परळीत राख पडते हे मला ठाऊक नव्हतं. विजेच्या कारखान्याच्या चिमण्या लांबून धुरकट दिसायच्या आणि त्यांची राख कुणाच्या लक्षात येऊ नये इतकी हळू सगळ्यावर बसायची, वाळत घातलेल्या कपड्यांवर, पाण्याच्या टाकीच्या झाकणावर, तुळशीच्या पानांवर. मावशी रोज सकाळी आधी मशीन पुसायची, मग तोंड धुवायची. पहाटेपासून कोळशाच्या मालगाडीच्या डब्यांचा आवाज असायचा, एकावर एक आदळत जाणारा, आणि त्यात मावशीच्या मशीनची टकटक मिसळली की मला वाटायचं, या गावात गप्प असं काहीच नाही. जेवायला येसरची आमटी, ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी. माझ्या ताटात दुसरी भाकरी यायला लागली की मी हात आडवा धरायची. मावशी म्हणायची, "कावून गं, आमच्या घरची भाकरी टोचती का तुला?" टोचत नव्हती. पोट भरत नव्हतं. पण मला सतत धाक होता की मी जड झाले तर मला परत धाडतील, आणि परत धाडलं तर मायला वाटेल की पोरीनंच काहीतरी केलं असणार. मावशीनं आणताना इथल्या शाळेत नाव घालू असं म्हटलं होतं. ते तिनं पुन्हा काढलं नाही आणि मीही आठवण दिली नाही. काजं-बटणं शिकले, अस्तर कापायला शिकले. मला काही मागायची सवय मुळातच कमी होती. तिथं राहून ती पुरती मोडली.

मावशीचे यजमान भानुदासकाका काळी-पिवळी जीप चालवायचे. अंगानं बारीक, आवाजानं मोठे. सकाळी जीप धुताना तिच्याशी बोलायचे, म्हशीशी बोलावं तसे. मागं दोन बाकडी समोरासमोर, मध्ये पाय ठेवायची जागा, आणि तिथं शेरडापासून सायकलपर्यंत काहीही चढायचं. काका मला कधी रागावले नाहीत. म्हणूनच मी त्यांना जास्त भ्यायची. रागावणाऱ्या माणसाचा अंदाज तरी येतो.

तांबडी घरी राहिली होती. आमची कुत्री. रंग विटेचा, एक कान मोडका. दरवर्षी ती आमच्याबरोबर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून फडावर यायची. भांडी, गोधड्या, चुलीसाठी फाटी, त्यावर कोंबड्यांची डाल, आणि सगळ्यांत वर तांबडी. माय तिला ट्रॉलीच्या कडीला बांधायची ते अगदी तोकड्या दोरीनं. लांब दोरी ठेवली तर कुत्रं उडी मारतं आणि बाहेरच्या बाजूनं लोंबकळतं, हे तिनं एकदा दुसऱ्या टोळीच्या ट्रॉलीवर बघितलं होतं. तांबडी तोंड वाऱ्याला लावून उभी राहायची, डोळे बारीक करून, जीभ बाहेर. दिवसभराच्या प्रवासानंतर आम्ही सगळे धुळीनं आंबलेले असायचो आणि ती ताजीतवानी उतरायची. त्याचा अर्थ तेव्हा कुणाच्या डोक्यात आला नाही. माझ्याही नाही.

त्या पावसाळ्यानंतर गावाकडचा एक माणूस कामासाठी परळीला आला आणि आमच्याकडं चहाला थांबला. त्यानं मायचा निरोप सांगितला. कुसुम, म्हणजे मी, परळीला गेल्यापासून तांबडी फाट्यावर जाऊन बसते, नीट खात नाही. औंदा टोळी ट्रकनं जायची हाय, माणसांनाच जागा न्हाई, कुत्रं न्यायचं न्हाई असं मुकादमानं बजावलंय. मागं कुणी सांभाळायला नाही. मी दाराशी अस्तर कापत बसले होते. कात्री थांबली. मावशीला कुत्रं आवडत नसे. दारात आलेल्या कुत्र्याला ती पाणी फेकून हाकलायची. बोलले ते काकाच. म्हणाले, परवा पाटोद्याची खेप हाय, येताना आणू की, एका कुत्र्यानं काय गाडी जड होती? मावशीनं धागा दातानं तोडला, माझ्याकडं बघितलं. मी खाली बघत होते. मग म्हणाली, "आणा. पण तिला वाट दिसू देऊ नगा. वाट दिसली की दुसऱ्या दिशी माघारी."

ही आमच्याकडची रीत. मांजर असो, कुत्रं असो, दुसऱ्या गावाला द्यायचं तर पोत्यात घालायचं, तोंड बांधायचं आणि नव्या घरात चुलीपुढं नेऊनच सोडायचं. तिथं तेलात बुडवलेला भाकरीचा तुकडा द्यायचा. मग ते जनावर त्या घराचं. माझ्या आजोळी अशीच मांजरं आली होती, आमच्या शेजारी अशीच कुत्री आली होती, आणि कधी कुणाचं काही वाईट झालं नव्हतं. होणार कसं? या गावाहून त्या गावाला पोतं खांद्यावर टाकून माणूस पायी जायचा, सकाळच्या थंडाव्यात, घटकाभराची वाट. जीपनं, भर उन्हात, पाटोद्याहून परळीपर्यंत असं कुणी नेलं नव्हतं. रीत तीच होती. अंतर वाढलं होतं, एवढंच.

मला काकांनी बरोबर घेतलं, कुत्री माझं ऐकेल म्हणून. दसऱ्यानंतरचं ऊन होतं, पाऊस सरल्यावर पडतं ते. फाट्यावर जीप थांबायच्या आधीच तांबडीनं मला वासानं ओळखलं. ती काय करत होती ते मी लिहीत नाही. ज्यांनी कुत्रं पाळलंय त्यांना कळेल. घरी मायनं तिला पातेलंभर दूध-भाकरी चारली. लांबचा पल्ला हाय, पोट भरून जाऊ दे, म्हणाली. पोतं शोधताना गोणपाट हाताला आलं ते मायनं उन्हात धरून बघितलं. ते विरलेलं होतं, जागोजागी उजेड दिसत होता. "यातनं वाट दिसंल तिला," म्हणून तिनं ते बाजूला टाकलं आणि खताचं नवं पोतं काढलं, प्लास्टिकच्या विणीचं. त्याला एक भोक नव्हतं. मायनं आत हात घालून कोपरेही चाचपले. मी पोत्याचं तोंड उघडं धरलं आणि तांबडीला ये म्हटलं. ती आली. धडपडली नाही, गुरगुरली नाही. माझा हात होता म्हणून आली.

पाटोद्याहून निघालो तेव्हा मागं दोनच पाशिंजर होते. पोतं माझ्या दोन्ही पायांमध्ये. आत ती फिरायला बघायची, बारीक कण्हायची, आणि मी पोत्यावर हात ठेवला की गप्प व्हायची. मांजरसुंब्याला गाडी भरली. टोपीवाले एक गृहस्थ बसता बसता म्हणाले, पोत्यात काय कोंबड्या हायेत का गं? पुढून काका ओरडले, "पाहुणी हाय. माहेरची." सगळे हसले, मीही हसले. बाकड्यांवर माणसं दाटली तसे सगळ्यांचे पाय पोत्याला लागायला लागले. नेकनूरच्या पुढं तांबडीला ओकारी झाली. दूध-भाकरीचा आंबूस वास जीपभर पसरला. कुणीतरी नाक दाबलं, कुणीतरी म्हणालं की माणसं मागं लोंबकळत जातात आन् कुत्री बसून चाललीत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकांच्या गाडीचं नाव खराब होतंय, आणि ते माझ्यामुळं. मी ओढणीच्या टोकानं पत्रा पुसला आणि पोतं आणखी आत ढकललं, बाकड्याखाली. तो पत्रा माझ्या अनवाणी पायाला चटके देत होता. मी पाय वर घेतले.

मग धाप सुरू झाली. इतक्या भरभर, मावशीचं मशीन जोरात चालतं तशी. मी ऐकत होते. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही, ते तोंडानंच अंगातली उष्णता टाकतं आणि त्याला त्यासाठी वारा लागतो, हे मला खूप वर्षांनी इथल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. तेव्हा मला एवढंच कळत होतं की हा आवाज बरा नाही. समोर एक म्हातारी सीताफळांची पाटी मांडीवर घेऊन बसली होती. ती वाकून म्हणाली, "पोरी, त्याचं तोंड सोड गं जरा. जीव हाय त्यो."

मी म्हणाले, "वाट दिसंल तिला."

"दिसू दे की," म्हातारी म्हणाली.

मी पुढं बघितलं. दोन ओळींच्या डोक्यांपलीकडं काकांची मान दिसत होती, घामानं काळवंडलेली. त्यांना गाडी थांबवावी लागली असती. लोक कुरकुरले असते. गाठ सोडली असती तर मावशीनं घातलेली एकच अट मोडली असती, आणि उद्या तांबडी पळून गेली असती तर मावशी काही बोलली नसती, नुसती बघत राहिली असती. हे सगळं माझ्या डोक्यात एका दमात आलं. मी काका अशी हाक मारली. एकदाच. इंजिनाच्या आवाजात ती त्यांच्यापर्यंत गेली नाही. दुसऱ्यांदा मारली नाही. म्हातारी केजला उतरली. उतरताना तिनं एक सीताफळ माझ्या ओटीत टाकलं आणि पोत्याकडं बघितलं. केजच्या पुढं धाप थांबली. मला बरं वाटलं. झोपली, असं मी मनाशी म्हटलं, आणि त्यानंतर अंबाजोगाईपर्यंत बाहेर बघत राहिले. जाताना पहाटेचा अंधार होता, त्यामुळं तो रस्ता मला तेव्हा पहिल्यांदा दिसला.

अंबाजोगाईला काकांनी चहासाठी गाडी लावली, उन्हात. माझ्यासाठी गरम भजी घेऊन आले, कागदात बांधून. विचारलं, कशी हाय पाहुणी? मी म्हणाले, झोपली. भजी खाल्ली. चव आजही आठवते, मिरचीची होती.

घरी मावशीनं चुलीपुढं जागा सारवून ठेवली होती. एका वाटीत पाणी, एका पितळीत तेलात भिजवलेला भाकरीचा तुकडा, आणि शेजारी चिंध्या शिवून केलेलं एक आसन. कुत्र्यासाठी. ते तिनं कधी शिवलं मला माहीत नाही. पोत्याची गाठ सुटेना तेव्हा तिनं शिवणाची कात्री आणली, जिनं ती मला कागदसुद्धा कापू द्यायची नाही, आणि पोतं उभं फाडलं. तांबडी बाहेर आली म्हणण्यापेक्षा तिला काढली. अंग भट्टीसारखं गरम होतं, म्हणून मावशीला वाटलं जीव आहे. तिनं पाण्याची आख्खी घागर तिच्यावर ओतली. दुसरी ओतली. सारवलेली जमीन वाहून गेली. काकांनी तिचा मोडका कान बोटांत धरला आणि सोडला. तो पडला तसाच राहिला.

काका म्हणाले, "कवा गप झाली?"

"केजच्या म्होरं."

"मग बोलली कावून न्हाईस? म्या गाडी थांबवली असती की."

मी म्हणाले, तुमाला तरास. एवढंच. काका भिंतीला टेकून खाली बसले. मावशी त्यांना म्हणाली की पोरीला आता काही विचारू नगा. तिच्या हातात कात्री तशीच होती.

मी रडले नाही. मला रडू आलंच नाही आणि ते का येत नाही याचीही मला चिंता वाटत नव्हती. मी बादली घेऊन जीपचा मागचा पत्रा धुतला, बाकड्याखाली हात घालून. काकांनी मागच्या बाभळीखाली खड्डा घेतला आणि तांबडीला ठेवलं, मावशीनं ते चिंध्यांचं आसनही बरोबर दिलं. संध्याकाळी जेवायला बसलो. मावशीनं दुसरी भाकरी वाढली. मी हात आडवा धरला नाही. खाल्ली. सीताफळ दोन दिवसांनी पिकलं, तेही खाल्लं. आठवडाभरात त्या मातीवर राख बसून ती आजूबाजूच्या मातीसारखीच दिसायला लागली. मशीन चालत होतं, कोळशाचे डबे आदळत होते, मी काजं करत होते. माझ्या हातून त्या महिन्यात एकही काज वाकडं गेलं नाही, मावशीनं शेजारणीला कौतुकानं दाखवलंही.

काकांचं मात्र एक झालं. ते दर पाच-सात मैलांवर मान मागं वळवून विचारायला लागले, कुणाला थांबायचं हाय का? रोजचे पाशिंजर थट्टा करायचे, भानुदास, एष्टी करायलास का जीपची? तरी काका जीप विकेपर्यंत विचारत राहिले. मावशीनं मला वाढवलं, लग्न लावून दिलं, माझं पहिलं बाळंतपण केलं. त्या दोघांनी मला जे दिलं ते मी कशानंही फेडू शकत नाही. त्यांनी त्या दिवसाबद्दल पुन्हा एक शब्द काढला नाही, यालाही मी त्यात धरते. कधीकधी वाटतं, काढला असता तर.

मागच्या महिन्यात एका बाईंनी त्यांच्या कुत्र्याचा पिंजरा चादरीनं पूर्ण झाकून दिला. बाहेर बघितलं की घाबरतो हो, म्हणाल्या. मी हो म्हटलं. वळणावरून त्यांचं घर दिसेनासं झालं तशी चादर काढली, घडी केली आणि मांडीवर ठेवली. कुत्रं थोडं कापलं, मग काचेला नाक लावून बघत बसलं. मी थांबव म्हटलं की विजय थांबवतो. का ते तो विचारत नाही. मी त्याला सांगितलेलं नाही.

मायलाही सांगितलं नाही. चैत्रात टोळी परत आली तेव्हा काकांनी मला चार दिवसांसाठी गावी सोडलं. माय अंगणात जनावरांसाठी उसाची वाढी बांधत होती. माझ्या मागं बघत म्हणाली, तांबडीला आणलं न्हाईस? मी म्हणाले, पळून गेली. पहिल्याच आठवड्यात. सीताफळाची बी निसटावी तसं ते खोटं माझ्या तोंडातून सहज निघालं. मला वाटलं माय हळहळेल. पण तिचा चेहरा उजळला.

"म्हंजी हिकडंच निघाली आसंल," ती म्हणाली. "पोत्याला कुटंतरी भोक आसंल बघ. म्या चाचपलं व्हतं, पण राहिलं आसंल. तिथनं बघितली आसंल तिनं वाट."

मी म्हणाले, आसंल.

त्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर मायनं भाकरीचा एक कोपरा मोडला आणि उंबऱ्याबाहेर दगडावर ठेवला. लांबचा पल्ला हाय, म्हणाली, यायला येळ लागंल. नंतरही मी जेव्हा जेव्हा गावी गेले तेव्हा तो तुकडा तिथं असायचा. सकाळी नसायचा. कुणीतरी खाऊन जायचं.